अनुभव धागा: लिनक्स पेनड्राइव्हवर, की आतल्या डिस्कवर?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळं कोल्हापुरातली धडधाकट चालणारी कितीतरी मशीनं अडगळीत निघालीत. ती लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर, जगवता येतात. पण ते पेनड्राइव्हवर ठेवायचं की आत टाकायचं, इथंच बरेच जण थांबतात. ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. कुठलं मशीन, काम काय, अडलं कुठं, एवढं आलं तरी पुरे.

राजारामपुरी, कॉम्प्युटर दुरुस्ती

गिऱ्हाइकाला मी आधी पेनड्राइव्हवरनं लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून दाखवतो. डिस्कला हातही लावत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतंय का, ते तिथंच कळतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मात्र असं चालवलेलं लिनक्स बंद केलं की त्यात केलेले बदल जातात. ते टिकवायचे तर पर्सिस्टन्सची, म्हणजे बदल पेनड्राइव्हवरच साठवायची, सोय वेगळी करावी लागते.

आता महत्त्वाचं. पेनड्राइव्हवर पूर्ण लिनक्स टाकताना काही इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे सुरू व्हायच्या फाइलींच्या कप्प्यात, लिहितात. मग पेनड्राइव्ह काढला की मशीन ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) काळ्या पडद्यावर अडकतं. माणूस घाबरून दुकानात येतो, डेटा गेला म्हणतो. डेटा गेलेला नसतो, फक्त सुरू व्हायची वाट चुकलेली असते. बाहेरच्या ड्राइव्हवर टाकणार असाल तर तेवढ्यापुरती आतली डिस्क काढून ठेवा. आणि विंडोजशेजारी आत टाकणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्समधनं लिहिता येत नाही.

शिवाजी उद्यमनगर, पॅटर्न शॉप

आमच्या जुन्या मशीनवर फ्रीकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधनं चालवत होतो. ब्राउझर आणि ड्रॉइंग एकदम उघडलं की सगळं गोठायचं. यूएसबी २.० चा कागदावरचा वेगच सेकंदाला ४८० मेगाबिट, पण खरा त्रास वेगळा आहे. सिस्टीम सतत बारीकसारीक फाइली लिहीत असते आणि साध्या पेनड्राइव्हला तेच झेपत नाही. आमचा शेवटी नुसता वाचता येण्यापुरता उरला, त्यावर लिहिणं बंद. मग आत २४० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क) बसवली. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी कारागीर विचारत होते नवीन मशीन घेतलं काय. रोजचं काम असेल तर आतच टाका, एवढं मी ठामपणे सांगतो.

प्रयाग चिखली

आमचं गाव पंचगंगेच्या काठावरचं. २०१९ च्या पुरात डेस्कटॉप पाण्यात गेला, आत जे होतं तेही गेलं. नंतर मी यूएसबी ३.० ची बाहेरची एसएसडी घेतली आणि लिनक्स त्यावरच टाकलं. वेगाला आतल्या डिस्कच्या जवळपास जाते. २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा जनावरं आणि कागदपत्रांबरोबर तीही काढली. मोरेवाडीत पाहुण्यांच्या लॅपटॉपला लावली, बूट मेनूतनं (मशीन कशावरनं सुरू करायचं ती यादी) निवडली, आणि माझं दूध संस्थेचं हिशेबाचं काम जसंच्या तसं समोर आलं. मशीन दुसरं असूनही काही बदलावं लागलं नाही. आमच्यासारख्या पूरपट्ट्यातल्या माणसाला आत-बाहेर हा प्रश्न नुसता वेगाचा नसतो, हे इथं लिहायचंच होतं.

सायबर चौक, विद्यार्थिनी

लॅबमधल्या मशीनवर काही टाकायची परवानगी नाही, त्यामुळं पर्सिस्टन्सवाला पेनड्राइव्हच. कोडिंगच्या सरावाला चालतो. हरवायची भीती असते म्हणून पेनड्राइव्ह तयार करताना सोय असेल तर एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये असं कुलूप) निवडा आणि कामाची प्रत दुसरीकडं ठेवा.

मंगळवार पेठ, निवृत्त शिक्षक

घरचं मशीन नातवंडांचं, त्यात विंडोज त्यांना हवंच. मी बँकेच्या कामापुरतं लिनक्स पेनड्राइव्हवरनं लाइव्ह चालवतो. काम झालं, बंद केलं, की मागं पासवर्ड राहत नाही. मला वेग लागत नाही, निर्धास्तपणा लागतो. वर उद्यमनगरच्या भावांनी रोजच्या कामाचं लिहिलंय ते पटतं, पण माझं काम महिन्यातनं थोडं. फक्त वर्षानुवर्षं तोच जुना पेनड्राइव्ह वापरू नका. त्यातला ब्राउझरही जुनाच राहतो. नवी आवृत्ती आली की मी पुन्हा लिहून घेतो.