मदत हवी आहे: मंडळीतल्या आरोग्य सेवाकार्यात सदस्यांची माहिती गुप्त कशी ठेवावी?

सर्वांना सलाम.

मी परिचारिका आहे. वॉर्डात बरीच वर्षे काढल्यावर आता पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) आरोग्य सेवाकार्य पाहते, म्हणजेच पॅरिश नर्सिंग. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रँजर वेस्टबर्ग या लूथरन पाळकांनी १९८० च्या दशकात शिकागोजवळ हे काम आजच्या रूपात सुरू केले आणि १९९८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने त्याला परिचर्येतले विशेष क्षेत्र म्हणून मान्यता दिली. यात नर्स सहसा इंजेक्शन देत नाही, ड्रेसिंगही करत नाही. ती ऐकून घेते, डॉक्टरांनी सांगितलेले समजावते, वेळेवर योग्य ठिकाणी पाठवते, आणि समोरच्याला हवे असेल तर त्याच्यासोबत प्रार्थना करते.

कामात मन रमले आहे. घोडे अडले आहे ते गुप्ततेवर.

उपासना संपली की मी बाजूच्या खोलीत बीपी तपासते. लोक शेवटचे गीत गाऊन तसेच येतात, म्हणून आधी पाच मिनिटे बसवते: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बोलणे बंद, बाही वर. या पाच मिनिटांत रांगेतले सगळे जवळ येऊन उभे राहतात. आकडा दिसला की "अरे, एवढं?" असा सूर निघतो आणि पुढच्या रविवारपर्यंत तो घरोघरी पोहोचलेला असतो.

त्याहून अवघड गोष्ट प्रार्थनासभेची. कोण आजारी आहे हे मला ठाऊक असते, म्हणून मलाच विचारतात, "सिस्टर, आज कोणासाठी प्रार्थना करायची?" विचारणाऱ्यांच्या मनात फक्त माया असते. पण एका ताईंनी मला नैराश्याच्या गोळ्यांबद्दल सांगितले आहे, घरातही कोणाला माहीत नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी असे मला मनापासून वाटते, पण नाव घेतले तर त्या पुन्हा कोणाजवळच मोकळ्या होणार नाहीत.

शिवाय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना नावानिशी नोंदवही हवी आहे, तीही कार्यालयाच्या कपाटात. त्या कपाटाची चावी कोणाकोणाकडे आहे ते सर्वांनाच माहीत आहे. पंचांना नाही कसे म्हणू? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ताई, बसण्याची जागा आधी बदला. एक खुर्ची आत, बाकीच्या दाराबाहेर, आणि पाच मिनिटांची विश्रांती बाहेरच होऊ द्या. आकडा मोठ्याने वाचू नका, चिठ्ठीवर लिहून हातात द्या. १८०/१२० च्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. सोबत छातीत दुखणे, धाप, बोलताना जीभ अडखळणे असे काही असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न बघता थेट रुग्णालय.

प्रार्थनेसाठी प्रत्येकाला दोन वेगळे प्रश्न विचारा: नाव घेऊ का? आणि आजार सांगू का? पुष्कळांचे पहिल्याला हो असते, दुसऱ्याला नाही. दोन्हीला नाही असेल तर सभेत फक्त "आपल्यातल्या एका व्यक्तीसाठी" एवढेही म्हणू नका. लहान मंडळीत लोक लगेच अंदाज बांधतात. अशांसाठी तुम्ही एकट्याने प्रार्थना करा.

पंचांना आकडे द्या: किती जण आले, किती जणांना डॉक्टरांकडे पाठवले, कोणत्या विषयावर माहिती दिली. कामाचा हिशेब मागण्याचा त्यांना हक्क आहे, नावांचा नाही. वही तुमच्या कुलपात ठेवा.

धागाकर्ती
मनापासून आभार. दोन प्रश्नांची युक्ती याच रविवारपासून सुरू करते. पण पाळकसाहेबांचे काय? ते घरभेटींना जातात, त्यांना कळले तर मदतच होईल.

प्रतिसाद २
त्यांनाही त्या व्यक्तीला विचारूनच सांगावे. "पाळकसाहेबांशी तुम्ही बोलाल, की मी बोलू, की नको?" असे विचारले की बहुतेक जण स्वतःच बोलतात. अपवाद जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचाराचा संशय असेल तेव्हाचा. तिथे गप्प बसता येत नाही, आणि ही गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून ठेवायची.

धागाकर्ती
हे पटले. पंचांपुढे पुढच्या बैठकीत लेखी मांडते. कोणाकडे संमतीपत्राचा साध्या मराठीतला नमुना असेल तर इथे द्याल का? वयस्कर सदस्यांना वाचता येईल असा, एका पानाचा.