पंख असूनही पक्षी हवामानबदलातून निसटत का नाहीत?

चर्चाप्रस्ताव : शंकेखोर

वन्य पक्ष्यांच्या घटत्या संख्येविषयी वाचताना एक शंका मला वारंवार छळते. झाड जागचे हलत नाही आणि बेडूक फार लांब जाऊ शकत नाही, हे समजण्यासारखे आहे; परंतु जो प्राणी एका ऋतूत खंडच्या खंड ओलांडतो, त्याला सरासरी तापमानातली अंश-दीड अंशाची वाढ इतकी जड का जावी? उकाडा वाढला तर त्याने ध्रुवाच्या दिशेने थोडे सरकावे, नाहीतर डोंगर चढावा. शिवाय जंगलतोड, कीटकनाशके, पाळीव मांजरे, काचेच्या इमारती अशी ढळढळीत कारणे समोर असताना त्यांतून हवामानाचा वाटा वेगळा काढतात तरी कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : माशीमार

अंशांऐवजी दिवस मोजून पाहिले, तर कोडे बरेचसे उलगडते. पाईड फ्लायकॅचर हा चिमुकला पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात युरोपातल्या जंगलांत येऊन वीण घालतो. पिल्लांना भरवायला त्याला अळ्या लागतात, आणि ओकच्या कोवळ्या पालवीवर त्यांची रेलचेल असते ती जेमतेम दोन-तीन आठवडे. वसंत लवकर येऊ लागल्यावर पालवी अलीकडे आली, अळ्याही अलीकडे आल्या. मात्र आफ्रिकेतून कधी निघायचे हे हा पक्षी मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि दिवसाच्या लांबीला तापमानवाढीचा पत्ताच नसतो. नेदरलँड्समधील अभ्यासात असे दिसले, की या पक्ष्याने आल्यावर विश्रांतीचे दिवस कमी करून अंडी थोडी लवकर घातली, तरी अळ्यांचा बहर त्याहून वेगाने पुढे सरकला होता. ज्या जंगलांत हा बहर सर्वांत लवकर येत होता, तिथे दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली.

याउलट ग्रेट टिट हा छोटा युरोपीय पक्षी बारा महिने त्याच रानात राहतो, त्यामुळे त्याला वसंताची चाहूल जागेवरच लागते. ऑक्सफर्डजवळच्या वायटम वुड्समध्ये १९४७पासून त्याच्या घरट्यांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. १९६०च्या दशकाच्या तुलनेत तिथली अंडी आता साधारण दोन आठवडे आधी घातली जातात आणि तो अळ्यांशी बऱ्यापैकी मेळ राखून आहे. म्हणजे आपल्याला ज्याचा आधार वाटतो, तो लांबचा प्रवासच इथे अडचणीचा ठरतो.

प्रतिसाद २ : कडेकपारी

‘डोंगर चढावा’ या सूचनेबद्दल दोन शब्द. डोंगर वर निमुळता होत जातो, म्हणून वर सरकणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक पायरीवर जागा कमी मिळते आणि माथ्यानंतर तर काहीच उरत नाही. पेरूमधील पँतियाकोया डोंगरधारेवर १९८५मध्ये पक्ष्यांची पाहणी झाली होती. २०१७मध्ये ती पुन्हा केली, तेव्हा बहुतेक जाती वर सरकलेल्या आढळल्या, आणि पूर्वी माथ्यालगतच राहणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत.

हवाई बेटांवरची गोष्ट याहून विदारक आहे. तिथे मूळचे डास नव्हतेच; १८२६च्या सुमारास ते जहाजातून आले आणि पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा मलेरिया पसरला. हनीक्रीपर या स्थानिक पक्ष्यांना या रोगाची प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही. इइवी या लालभडक पक्ष्याला बाधित डासाचा एक चावाही बहुतेक वेळा पुरतो. उंचावरच्या गारव्यात मलेरियाच्या परोपजीवीची वाढ खुंटते, म्हणून ती राने त्यांचा अखेरचा आसरा होती. तापमान वाढले तसे डास आणि रोग दोन्ही वर चढले. कौआई बेट सुमारे १,६०० मीटरच्या वर जातच नाही, त्यामुळे तिथल्या अकिकिकी या हनीक्रीपरला पळायला जागाच राहिली नाही. रानात ही जात आता नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. २०२३पासून माउई बेटावर विशिष्ट जिवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. त्यांच्याशी समागम झालेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. उपाय स्तुत्य आहे, फक्त तो फार उशिरा आला असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३ : नोंदवही

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्येक घट हवामानाच्या खात्यावर टाकण्याची घाई पुष्कळांना असते. उत्तर अमेरिकेत १९७०पासून जवळपास ३ अब्ज पक्षी कमी झाले. त्यामागे अधिवासाचा नाश हे फार मोठे कारण मानले जाते, आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे.

वाटा वेगळा काढण्याचा एक मार्ग म्हणजे बाकीची कारणे जिथे जवळपास नाहीत, अशा जागा पाहणे. अमेरिकेच्या नैऋत्येतील मोहावी वाळवंटाचा मोठा भाग संरक्षित आहे. तिथे नांगर नाही, वस्ती विरळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निसर्ग-अभ्यासकांनी तिथे तपशीलवार नोंदी केल्या होत्या. त्याच ठिकाणी पुन्हा पाहणी केली असता प्रत्येक जागी सरासरी ४३ टक्के जाती कमी आढळल्या. कारण शोधताना पाण्याचा हिशेब समोर आला. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकतात, काही जण गळ्याची कातडी थरथरवतात, आणि अशा बाष्पीभवनातून अंग थंड ठेवतात. उकाडा वाढला की हे पाणी अधिक खर्ची पडते. जे पक्षी पाणी पिण्याऐवजी कीटकांतून किंवा भक्ष्याच्या मांसातून मिळवतात, त्यांना तेवढ्यासाठी जास्त शिकार करावी लागते, आणि तीही तापलेल्या हवेतच. त्यांचीच घट अधिक आहे.

दुसरा मार्ग, म्हणजे एकाच जातीची वेगवेगळ्या जंगलांत तुलना, प्रतिसाद १मध्ये आलाच आहे. नेदरलँड्समधील फ्लायकॅचरांचा प्रवास तोच आणि आफ्रिकाही तीच. ज्या जंगलांत अळ्या उशिरा येत होत्या, तिथे मात्र त्यांची घट फारच थोडी होती.

शंकेखोर

तिघांचेही आभार. तापमानवाढीमुळे पक्ष्यांचे आकार लहान होत असल्याचे वाचले होते. लहान शरीरातून उष्णता लवकर बाहेर पडते. मग हे जुळवून घेणेच झाले ना?

प्रतिसाद ४ : माशीमार

काही जातींत तसे असू शकेल, पण रेड नॉट या किनारी पक्ष्याचे उदाहरण पाहावे. त्याची एक उपजात सैबेरियाच्या तैमिर भागात वीण घालते. तिथला बर्फ तीन दशकांत दरवर्षी सुमारे अर्धा दिवस आधी वितळू लागला, त्यामुळे पिल्ले बाहेर पडेपर्यंत कीटकांचा बहर ओसरलेला असतो. अर्धपोटी वाढलेली ही पिल्ले अंगाने लहान राहतात आणि त्यांची चोचही आखूड राहते. हिवाळ्यात ती पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानियाच्या चिखलाच्या किनाऱ्यावर उतरतात, जिथे त्यांचे मुख्य खाद्य असलेले शिंपले चिखलात खोलवर रुतलेले असतात. लांब चोचीचा पक्षी तिथवर पोचतो. आखूड चोचीच्या पक्ष्याला वरच्या थरातले मोजके शिंपले आणि समुद्री गवताची मुळे यांवर भागवावे लागते, आणि पहिल्या वर्षात अशीच पिल्ले अधिक दगावतात. ज्या किनाऱ्यावर ती मरतात, तो स्वतः फारसा तापलेलाही नाही. कमतरता राहिली ती हजारो किलोमीटर दूर, उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत.