वरूडहून पुण्याला कुत्री पाठवायची आहे, संत्र्याच्या ट्रकनं जमेल का?

बागेतली_ताई:
आमचं गाव वरूडजवळ. दिवाळीच्या सुमाराला अंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल निघत होता, तेव्हा कॅरेटच्या थप्पीमागं एक भुरकी कुत्री येऊन पडली. मागचा उजवा पाय मोडलेला. तो वाकडाच जुळला, पण आता तीन पायांवर अशी पळते की विचारू नका. आमच्याकडचे दोन कुत्रे मात्र तिला जेवू देत नाहीत. पुण्याच्या भाचीच्या मैत्रिणीनं तिला ठेवून घ्यायचं कबूल केलंय.

न्यायची कशी? ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, "डिक्कीत टाकू ना बाई." रात्रभर डिक्कीत! रेल्वेनं म्हटलं तर बडनेरा गाठा, मग ब्रेकव्हॅनच्या पेटीत ती एकटी. भाची सांगते, अमेरिकेत ट्रकवाले असे प्राणी फुकट पोचवतात. 2005 मध्ये कॅटरिना वादळ झालं, त्यानंतर 'ऑपरेशन रॉजर' म्हणून ट्रकवाल्यांनी हे सुरू केलं. आपल्याकडं कोणी नेतं का? पैसे किती द्यावेत?

दहाचाकी:
ताई, मी नेतो. वरूड-मोर्शीचा माल घेऊन पुण्याले माया फेऱ्या असतातच. आतापर्यंत चार कुत्रे नेले. पैसे नको, डिझेल तं मालासाठी जळतेच. फक्त गाडीमालकाले आधी विचारा लागते, ते मी पाहून घेतो.

मागं मालात बसवत नाही. केबिनमधी, किन्नरच्या म्हणजे क्लीनरच्या पायापाशी. तिथं इंजिनची धग लागते म्हणून खाली ओलं पोतं टाकतो. पहिलं कुत्रं मोर्शी याच्या आधीच ओकलं, तेव्हापासून निघाच्या आधी पोटभर खाऊ घालू देत नाही. ढाब्यावर उतरवत नाही, काहून की तिथले कुत्रे आपला इलाका सोडत नाहीत. समृद्धीवर मधातच कुठंही थांबता येत नाही, म्हणून पंप आला की मागच्या बाजूनं फिरवून आणतो. पट्टा हातात घेतल्याशिवाय दरवाजा उघडाचा नाही. हे किन्नरले दहा खेपा सांगा लागते.

आता खरी गोष्ट. रस्त्याची चिंता नका करू, उतरवून घेणाऱ्याची करा. मागच्या वर्षी नाशिकले एक नेली. पोचलो तं फोन बंद. संध्याकाळी उचलला अन् म्हणते, "घरमालक नाही म्हणतात." माल खाली झालेला, मले जबलपूरचं भाडं लागलेलं. ते कुत्री अकरा दिवस माया संग फिरली. घरी आणली तं बुढी म्हणे, "तू कुत्र्याले नेतं का कुत्रं तुले नेते?" आता तिच्याच खाटेखाली झोपते, मले ओळख देत नाही.

म्हणून त्या पोरीचं नाही, तिच्या घरमालकाचं बोलणं करून देजा मले.

दवाखान्यातला:
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. 1978 च्या जनावरं वाहतुकीच्या नियमांप्रमाणे कुत्र्यासोबत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते गाडीत हाताशी ठेवा. रेबीजची लस दिली नसेल तर आज द्या आणि तीन आठवड्यांनी पाठवा, लगेच नको. मार्च लागला की केबिन तापतं. दर चार तासांनी पाणी पाजा, पण थोडं थोडं. आणि ती गाभण नाही ना, एवढं बघून घ्या.

स्पष्टवक्ता_अकोला:
गावात माणसाले रात्री दवाखान्यात न्याले गाडी भेटत नाही अन् कुत्रीले ट्रक!

दहाचाकी:
माणसाइलेही नेतो दादा. परवा मेहकरपर्यंत एक आजी होती. ते ओकली नाही.

बागेतली_ताई:
घरमालकीणबाईंशी आत्ताच बोलले. त्यांनी विचारलं, भुंकते का? मी खरं सांगितलं, बिबट्याच्या वासानं भुंकते. म्हणाल्या, कोथरूडमध्ये चालेल. तुमचा नंबर त्यांना हवाय, निरोपात पाठवा.

लस जानेवारीतच दिलीय, गाभण नाही, प्रमाणपत्र सोमवारी मिळेल. माझं एक जुनं लुगडं सोबत देते, त्यावरच ती झोपते. ओलं पोतं त्याच्याखाली घाला. आणि दादा, पैसे नाही तर नाही, दोन डझन संत्री तरी न्याल ना? की तुम्हाला संत्र्याचा वासच नको झालाय?

दहाचाकी:
संत्री नको ताई. मिरचीचा ठेचा असंन तं द्या.