मदत हवी आहे: इटलीच्या राजाने मुसोलिनीला अडवलं का नाही?

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले. घरच्या मुलांसाठी त्यांच्याबद्दल लिहायला घेतलंय आणि इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी याच्यापाशी अडकले आहे.

२८ ऑक्टोबर १९२२. काळे शर्टवाले, म्हणजे मुसोलिनीचे फॅसिस्ट कार्यकर्ते, रोमच्या वेशीवर, पावसात भिजलेले, हत्यारं जेमतेम. पंतप्रधान फाक्तांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवलेला. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा सहीच करत नाही, उलट दोन दिवसांत मुसोलिनीला सरकार बनवायला सांगतो! हे काही केल्या पचत नाही. सैन्यावर भरवसा नव्हता, की समाजवाद्यांची धास्ती जास्त होती? १९२४ मध्ये मुसोलिनीचे विरोधक, समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा फॅसिस्टांनी खून केला, तेव्हाही राजा गप्पच.

शेवट समजतो. जुलै १९४३ मध्ये दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या, फॅसिस्ट ग्रँड कौन्सिलने (मुसोलिनीच्याच पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने) १९ विरुद्ध ८ मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला आणि त्याच राजाने मुसोलिनीला अटक करवली. एप्रिल १९४५ मध्ये मिलानच्या चौकात, पेट्रोल पंपाच्या लोखंडी तुळईला मुसोलिनीचं प्रेत उलटं टांगलेलं.

जे १९४३ मध्ये जमलं, ते १९२२ मध्ये का नाही? कुणी इटलीचा इतिहास शिकवत असाल तर कृपया सविस्तर सांगा. राजाबद्दल मराठीत काही वाचायला असेल तर तेही हवंय.