मदत हवी आहे: उंच, लांब हाताच्या मुलीसमोर बहिणीने कसं खेळावं?

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळचे. धाकटी बहीण बॉक्सिंगमध्ये ४८ किलोत खेळते, उंची जेमतेम पाच फूट. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. तिथे बहुतेक तीच मुलगी समोर येणार जिच्याकडून ती मागे हरली. ती हिच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे.

मोबाइलवरची ती लढत मी परत परत पाहिली. बहीण सरळ रेषेत पुढे जाते आणि नेमकी अशा जागी थबकते, जिथे समोरचीचा ठोसा पोचतो, हिचा पोचत नाही. डावा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) कपाळावर बसतो, डोकं मागे जातं, जजना तेवढंच दिसतं. दुसऱ्या राउंडमध्ये एकदा आत घुसली तेव्हा बरगडीवर हुक (हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा) इतका छान बसला की ती मुलगी रिंगच्या दोरापर्यंत मागे गेली. पण मारून झाल्यावर ही तिथेच उभी राहिली आणि उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) खाल्ला.

म्हणजे ताकद आहे. आत जायचं कसं आणि बाहेर यायचं कसं, इथेच अडतंय. दोघी उजव्या हाताच्या आहेत. आमच्याकडे सरावाला उंच मुलगी नाही, ठोसे मारायची बॅगसुद्धा जुने कपडे आणि कापूस भरून घरीच शिवलेली. जाणकारांनी कृपया सांगा, फार मनापासून खेळते हो पोरगी.

प्रतिसाद (धुळे):
भाऊ, वजन सारखं आणि उंची कमी, म्हणजे तुमची बहीण अंगाने भरीव असणार. जवळच्या मारात ते कामाला येतं. आधी तिचं थबकणं बंद करा. एकतर पूर्ण बाहेर राहायचं, नाहीतर पूर्ण आत.

आत जायची वेळ म्हणजे समोरचीचा जॅब परत जात असतो तो क्षण. जॅब आला की डोकं आपल्या उजवीकडे काढायचं. त्याने आपण तिच्या डाव्या हाताच्या बाहेर जातो आणि तिचा उजवा हात लांब पडतो. भार उजव्या पायावर आलेलाच असतो, तिथूनच उजवा ठोसा सरळ पोटात, मागोमाग डावा हुक. मग मागे यायचं नाही, उजवीकडेच सरकत बाजूने निघायचं. वाकताना कमरेतून नको, गुडघ्यातून वाकू दे. डोकं समोरचीच्या बेल्टखाली गेलं तर फाउल धरतात.

१९७१ ची जो फ्रेझर आणि मुहम्मद अली यांची लढत तिला जरूर दाखवा. अली उंच, हातही लांब, पण फ्रेझर डोकं हलवत, झुलत आत शिरत राहिला आणि पंधराव्या राउंडमध्ये डाव्या हुकने त्याला खाली पाडलं. आपला बॉक्सर अमित पंघालही उंचीने लहानच. २०२२ च्या राष्ट्रकुल सुवर्णपदकाच्या लढतीत त्याचं आत-बाहेर करणं बघा.

प्रतिसाद (नंदुरबार):
वरच्याशी सहमत. एक भर घालतो, उंच खेळाडूच्या मागे मागे फिरू नका. ती ज्या बाजूला निघते तिकडे आडवं पाऊल टाकून वाट अडवा, कोपरा जवळ आला की मग ठोसे. आणि प्रत्येक वेळी खरंच घुसायचं नसतं. खांदा हलवून, पाय आपटून नुसती हूल द्या. जॅब फुकट गेला की दार उघडतं.

सरावासाठी एखादा उंच मुलगा घ्या. त्याने फक्त जॅब मारायचा, हिने फक्त चुकवून आत शिरायचं. पहिला आठवडा ठोसा मारायचाच नाही.

धागाकर्ता:
दोघांचे खूप आभार. शेजारचा एक उंच पोरगा तयार झालाय, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत सुरू करतो. पोटात मारताना हिचा डावा गार्ड (चेहरा झाकायला वर धरलेला हात) खाली येतो, त्यावर कुणी काही सांगेल का?