मदत हवी आहे: नेटवरची माहिती खरी की खोटी, हे मुलांना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी कळव्यात मराठी माध्यमाच्या आठवीला इतिहास शिकवते. परवा ठाण्याच्या रेल्वेवर प्रोजेक्ट दिला होता, ४२ वह्या आल्या आणि जवळजवळ सगळ्यांत खाली एकच ओळ, "संदर्भ : गूगल". आता गूगल काय लेखक आहे का!

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे सगळ्यांचं बरोबर आहे, पण अर्ध्या मुलांनी "भारतातली पहिली रेल्वे" लिहिलंय. ती पहिली प्रवासी रेल्वे, मद्रासकडे रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे त्याआधीच, १८३७ च्या सुमारास धावली होती. हे सांगितलं तर एक पोरगा म्हणतो, "मॅडम, पण साईटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह होतं ना, म्हणजे खरी असणार." त्याला सांगितलं की कुलूप म्हणजे मधल्यामधे कोणी वाचू शकत नाही एवढंच, आतला मजकूर थापाही असू शकतो. पटलं नाही बहुतेक.

मग कोणी लिहिलं, कधी लिहिलं, दुसरीकडे कुठे आहे असा तक्ता भरायला दिला, तर लेखकाच्या रकान्यात "अ‍ॅडमिन" 😅

आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने सर्वोत्तम ठरवलं ही जुनी फॉरवर्डेड थाप वर्गात वापरणारे, पण पुढे काय? ३५ मिनिटांचा तास, एकच प्रोजेक्टर, मुलांना मोबाईल बंद. इंग्रजी साहित्य भरपूर सापडतं, पण ते आमच्या मुलांच्या डोक्यावरून जातं. कोणी मराठीतून असा तास घेतलाय का? नेमकं काय करून घेतलंत?