शब्दचर्चा : सावत्र, पालक, ताबा – आणि मध्ये घटस्फोट

शब्दखूळ : एका अर्जाचं मराठी करून देतेय. बाईंना पहिल्या लग्नाची मुलगी, वय ११. मुलगी तीन वर्षांची असताना दुसरं लग्न झालं, आता तेही मोडलंय. दुसऱ्या नवऱ्याला मुलीला भेटत राहायचंय. मुलगी त्याला ‘बाबा’च म्हणते. अर्जात त्याला म्हणायचं काय? ‘माजी सावत्र वडील’ लिहिलं तर माजी आमदारासारखं वाटतंय. इंग्रजी मसुद्यात ‘स्टेप-पॅरेंट’ आहे, त्याला ‘सावत्र पालक’ चालेल का? आणि ‘ताबा’ला काही बरा शब्द? मुलगी म्हणजे काय फ्लॅट आहे!

जुनीपोथी : ‘सावत्र’च्या मुळाशी सवत आहे. संस्कृत सपत्नी, त्यावरून सापत्न. ‘केंद्राची सापत्नभावाची वागणूक’ असा मथळा दर अर्थसंकल्पाला येतो, तोच हा सापत्न. म्हणजे सावत्र आई ही मुळात आईची सवत, एकाच घरात, एकाच नवऱ्याची. सावत्र बापाला हा शब्द ओढूनताणून लावलाय, त्याच्या बाजूने सवत कुठून येणार? ‘माजी’ जोडायची सोय त्यात नाही, कारण त्या घरात काडीमोडाने नातं पुसण्याचा प्रश्नच क्वचित यायचा.

बांद्र्याची वकील : व्युत्पत्ती छान, पण अर्ज कोर्टात जायचाय. ‘सावत्र पालक’ लिहू नका. शाळेत पालक म्हणजे आई-बाप, म्हणून पालकसभा. कायद्यात पालक म्हणजे ज्याच्याकडे अज्ञान मुलाची किंवा त्याच्या मालमत्तेची देखभाल आहे तो, मग आई-बाप असो वा नसो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते दिलंय, आणि खालच्या स्पष्टीकरणात चक्क लिहिलंय की ‘पिता’ व ‘माता’ या शब्दांत सावत्र पिता, सावत्र माता येत नाहीत. लग्न टिकलेलं असतानाही येत नाहीत, घटस्फोटानंतरचं तर सोडाच. तेव्हा ‘सावत्र पालक’ लिहिलंत की समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्या शब्दावर बोट ठेवणार.

शब्दखूळ : ‘अज्ञान’ मुलगी? ती वाचेल तर मला फाडून खाईल.

बांद्र्याची वकील : ‘अल्पवयीन’ लिहा, चालतं. कायद्याच्या नावातला ‘अज्ञान’ मात्र बदलू नका.

तलाठीसजा : अज्ञानवरून आठवलं. सातबाऱ्यावर ‘अपाक’ शेरा असतो, अज्ञान मुलाच्या नावापुढे पालकाचं नाव. आई दुसऱ्या घरात गेली की ‘आता अपाकला नव्या नवऱ्याचं नाव लावा’ म्हणून लोक येतात. तसं आपोआप लागत नाही. आई आहे ना, तिचं लावा. १८ पूर्ण झाले की शेरा कमी करायचा अर्ज मुलानेच करायचा, हे निम्म्या गावाला ठाऊक नसतं, आणि मग जमीन विकायच्या वेळी धावपळ.

बांद्र्याची वकील : बरोबर. त्याच कायद्याचं कलम ११ सांगतं की नुसता प्रत्यक्षात सांभाळतोय म्हणून कुणी अज्ञानाची मालमत्ता विकू शकत नाही. आठ वर्षं फी भरली, डबे दिले, तरी जमिनीला हात लावता येत नाही.

कोपऱ्यावरचा : म्हणजे बिचाऱ्याला काहीच हक्क नाही?

बांद्र्याची वकील : ‘हक्क’ म्हणून नाही. पण दार अगदी बंदही नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ८ खाली मुलाचा नातेवाईक किंवा स्नेहीसुद्धा अर्ज करू शकतो. कलम १७ मध्ये कोर्टाने काय पाहायचं ते आहे : मुलाचं वय, धर्म, अर्जदाराचा स्वभाव व कुवत, जवळचं नातं, आणि माझ्या मते या प्रकरणातला प्राण म्हणजे अर्जदाराचे मुलाशी असलेले *किंवा पूर्वी असलेले* संबंध. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. अकरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून विचारतात, आई-बाबांना बाहेर बसवून.

अडचण कलम १९ ची. आई किंवा वडील हयात आहेत आणि अपात्र ठरलेले नाहीत, तोवर मुलीच्या देखभालीसाठी तिसऱ्याला पालक नेमता येत नाही. म्हणून पालकपद मागायच्या फंदात पडू नका. भेट मागा, आणि मुलीच्या हिताच्या नावाने मागा. ‘भेटीचा हक्क’ हा शब्द वडिलांच्या अर्जात शोभतो. इथे ‘भेटण्याची परवानगी’ लिहा. ‘ताबा’ राहू द्या, हुकूमनाम्यात तोच येतो. ‘संगोपन’ गोड वाटतं, पण त्यात खर्चही येतो, आणि मग पोटगीचा वाद उगाच ओढवून घ्याल.

जुनीपोथी : गंमत अशी की हाच कायदेकर्ता म्हातारपणी सावत्राला आत घेतो.

बांद्र्याची वकील : हो! १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्यात, कलम २० मध्ये, निर्वाहापुरत्या ‘मातापित्यां’त निपुत्रिक सावत्र आई धरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कीर्तिकांत वडोदरिया प्रकरणात अशा आईला सावत्र मुलाकडून पोटगी मागण्याची वाट दिली, मात्र ती विधवा असेल किंवा नवरा तिला पोसायला असमर्थ असेल तर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर सावत्र आई-वडील सरळ ‘माता-पिता’च, अर्ज प्रांताकडे. घटस्फोटानंतरही धरायचं का, यावर व्याख्या गप्प आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना भांडायला जागा. थोडक्यात, वाढवताना बाप नाही, भाकरी मागताना बाप.

शब्दखूळ : मग अर्जात नाव काय लावू?

बांद्र्याची वकील : पहिल्या परिच्छेदात ‘अर्जदार, म्हणजे अल्पवयीन मुलीच्या आईचे पूर्वीचे पती’. लांबडं आहे, पण खोट काढता येत नाही. ‘बाबा’ खालच्या परिच्छेदात येऊ द्या, मुलगी काय हाक मारते ते सांगताना.

एक विचारून घ्या, त्याने मुलीला रीतसर दत्तक घेतलं होतं का? घेतलं असेल तर वैध दत्तक रद्द होत नाही, लग्न मोडलं तरीही. मग तो वडील, ताबाही मागू शकतो आणि मुलीचा खर्चही त्याला टळत नाही. तसं असेल तर वरचं सगळं खोडून नवा मसुदा करा.

शब्दखूळ : विचारलं. दत्तक नाही. ‘आईचे पूर्वीचे पती’ टंकतेय.